चार दिवस आखाड्यावर कोंडलं तर दादाची दारू सुटेल का?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: भाऊ ३८ वर्षांचा, घरचा ट्रॅक्टर भाड्यानं चालवतो. आठ वर्षांपासून रोज पितो. आता सकाळी एक क्वार्टर, रात्री एक. कधी देशी, कधी इंग्लिश. सकाळी हात एवढे थरथरतात की पहिला घोट पोटात गेल्याशिवाय चहाची बशी धरता येत नाही. मागच्या भाऊबीजेला बहिणीच्या शब्दाखातर थांबला आणि दुसऱ्या रात्री फिट आली. तेव्हाच्या तपासणीत ‘लिव्हरला सूज’ निघाली. आता घरच्यांचं ठरलंय की पोळा झाला की चार दिवस त्याला आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या, खोलीत घालायचं आणि बाहेरून कडी लावायची. चहातून गुपचूप द्यायची एक पुडीही कुणीतरी आणून दिली आहे. तर कोंडावं का, पुडी द्यावी का, आणि लिव्हर परत नीट होईल का?

ताई, कोंडू नका. पुडी देऊ नका. लिव्हरबद्दल आशा आहे, त्यावर पुढे बोलतो. पण त्याआधी एक गोष्ट, जी डॉक्टरच्या तोंडून ऐकताना तुम्हाला विचित्र वाटेल: दवाखान्यात नेईपर्यंत दादाची दारू एकदम बंद करू नका.

बावीस वर्षं मी या भागात मनोविकाराची ओपीडी चालवतो. दारूनं माणसं मेलेली पुष्कळ पाहिली. पण दारू ‘सोडवताना’ गेलेली माणसं पाहिली की जास्त त्रास होतो, कारण तिथे घरच्यांची माया असते, सगळ्यांनी चांगलंच ठरवलेलं असतं, आणि नेमकं तेच अंगाशी येतं.

हिशेब करून बघा. इंग्लिश दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे ६० ग्रॅम. दोन क्वार्टरचे १२० ग्रॅम. आपलं लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. म्हणजे दादाच्या रक्तात दिवसातले बारा-पंधरा तास तरी दारू असते, आणि हे आठ वर्षं चाललंय. दारू मेंदूला सुस्त करते. मग मेंदू काय करतो, तर काम चालू राहावं म्हणून आपला जोर वाढवून ठेवतो. दादा ट्रॅक्टरवाला आहे, त्याला लगेच कळेल: ब्रेक दाबलेला आहे आणि तरी गाडी पुढे जावी म्हणून अ‍ॅक्सिलरेटरही दाबून धरलाय. दारू एकदम बंद करणं म्हणजे ब्रेकवरचा पाय झटकन काढणं. मेंदू मोकाट सुटतो. सकाळची थरथर, घाम, उमासे, धडधड ही त्या मोकाट सुटण्याची सुरुवात असते. म्हणूनच एक घोट घेतला की थरथर थांबते, आणि त्यालाच माणूस ‘मला दारू मानवते’ असं समजतो.

या त्रासाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, चिडचिड, झोप उडणं. फिट यायची असेल तर बहुतेक करून पहिल्या ४८ तासांत येते. दादाला दुसऱ्या रात्री आली, ती याच हिशेबानं. आणि खरा धोका ४८ ते ९६ तासांच्या मध्ये, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. घरचे तोवर निश्चिंत झालेले असतात. ‘दोन दिवस काढले, आता सुटली’ असं म्हणून पेशंटचा भाऊ शेताकडे जातो, आई देवाला नारळ फोडायला जाते. तुमच्या योजनेत चार दिवस कडी लावायची आहे. नेमके तेच चार दिवस.

एक पेशंट सांगतो, म्हणजे लक्षात राहील. ऊसतोडीला जाणारा, चाळिशीतला. पट्टा पडला होता, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला होता, सगळे गावी परतलेले. बायकोनं आणि मेहुण्यांनी मिळून त्याची दारू तोडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला टमटममधून आणलं, हातपाय सोलानं बाजेच्या लाकडाला बांधलेले. बायको म्हणाली, “साहेब, तीन दिसांपासून थेंब नाही घेतला त्यानं. अन् आता भिंतीवर मुंग्या दिसायल्यात म्हणतो, लेकराला वळखंना.” आम्ही सोल सोडला. अंग भट्टीसारखं तापलेलं, नाडी १४०, बनियन घामानं पिळून काढावं असं. मग त्याचे हात चालू झाले. हवेतल्या हवेत तो काहीतरी गोळा करी, गुडघ्यानं दाबी, वाढ्याचा पिळा घाली, गाठ मारून बाजूला टाकी आणि पुन्हा वाकी. सिस्टर विचारत होत्या की हा करतोय काय. बायकोला बरोबर कळलं. ती हळूच म्हणाली, “मोळी बांधायलाय.” रात्रभर त्यानं त्या वॉर्डात न दिसणाऱ्या उसाच्या मोळ्या बांधल्या. मध्येच मुकादमाला ओरडून सांगे, गाडी भरली म्हणून. या अवस्थेत माणूस आपलं रोजचं काम करत बसतो. शिंपी सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. आमच्या भाषेत त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात शंभरातली पंधरा-वीस माणसंसुद्धा दगावू शकतात. वेळेवर मिळाले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. तो वाचला. सहाव्या दिवशी शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न केला की मला बांधलं कुणी.

त्याच्या बाबतीत आणखी एक घोटाळा झाला होता. आदल्या दिवशी गावात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून त्याला ग्लुकोजची बाटली लावलेली. आपल्याकडे बाटली लावली की सगळ्यांचं समाधान होतं. पण रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळपास संपलेलं असतं. तो धड जेवत नाही, आणि जेवला तरी दारूमुळे आतडं ते शोषून घेत नाही. साखर जाळायला शरीराला हेच थायमिन लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूच्या काही भागांना कायमची इजा होऊ शकते: आधी चाल डगमगते, डोळे विचित्र हलतात, माणूस गोंधळतो, पुढे काहींची स्मरणशक्ती अशी जाते की सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही, आणि न सुचलेलं ते मनानंच रचून सांगतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात दादाला बाटली लावायची वेळ आली तर तुम्ही एवढंच म्हणा: “हे रोज पितात, आधी बी-१ चं इंजेक्शन द्या.” डॉक्टरला राग आला तर येऊ द्या. रक्तातली साखर फारच उतरली असेल तर ग्लुकोजला उशीर करायचा नसतो, पण तेव्हाही बी-१ सोबत जायलाच हवं.

दादाला एकदा फिट येऊन गेलेली आहे. ज्याला एकदा दारू तोडताना फिट आली, त्याला पुढच्या वेळी ती येण्याची शक्यता वाढते, आणि दर वेळी दारू सोडण्याचा त्रास आधीपेक्षा जास्त होत जातो. त्यामुळे दादाच्या बाबतीत ‘घरीच गोळ्या देऊन बघू’ हा पर्यायही मी ठेवणार नाही. त्याला पाच ते सात दिवस भरतीच करावं लागेल. तिथे करतात काय, तर लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी गोळी ठरावीक मात्रेनं सुरू करतात, म्हणजे मेंदूला दुसरा, सुरक्षित ब्रेक मिळतो, आणि रोज ती थोडी थोडी कमी करत आणतात. सोबत थायमिन, पाणी, क्षार, झोप. दोन-तीन तासांनी कुणीतरी नाडी आणि थरथर बघतं. बस, एवढंच. यात जादू काही नाही, पण कडी लावलेल्या खोलीत यातलं एकही होत नाही.

‘मग तीच गोळी मेडिकलवरून आणून आम्हीच दिली तर?’ असं बरेच जण विचारतात. नको. दारू थांबल्यावर जी गोळी जीव वाचवते, तीच दारूवर पडली तर श्वास मंदावतो. छत्रपती संभाजीनगरला पोरं ज्याला ‘बटन’ म्हणतात, त्या याच जातीच्या झोपेच्या गोळ्या. दारू अधिक बटन असं करून रात्री झोपलेला विशी-बाविशीचा पोरगा सकाळी उठलाच नाही, असे फोन मला आलेले आहेत.

आता त्या पुडीबद्दल. चहातून देतात त्या पुड्यांमध्ये काय असतं हे देणाऱ्यालाही नेहमी ठाऊक नसतं. बऱ्याचदा डायसल्फिराम नावाची गोळी कुटलेली असते. औषध खरं आहे, मीही देतो, पण पेशंटला समोर बसवून, त्याची सही घेऊन. शरीर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष बनवतं आणि मग तेही मोडतं. हे औषध ती दुसरी पायरी बंद पाडतं. मग घोट घेतल्यावर दहा-वीस मिनिटांत तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. ज्याला हे माहीत आहे तो घोट घेत नाही, म्हणून औषध काम करतं. ज्याला माहीतच नाही तो घोट घेणारच, आणि त्याला वाटणार की साधी पित्ताची उलटी झाली, म्हणून वर आणखी एक घोट. लिव्हर सुजलेल्या माणसाला हे औषध स्वतःसुद्धा लिव्हरवर घात करू शकतं. शिवाय गोळी बंद केली तरी तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. तेवढ्यात खोकल्याचं एखादं सिरप किंवा द्राक्षासव घेतलं तरी त्रास होऊ शकतो, कारण आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतंच. एका घरात तर नवऱ्याला अचानक हे असं व्हायला लागल्यावर सासूनं भानामती झाली म्हणून देवऋषी आणला, आणि पुडी घालणारी सून शेजारी उभी राहून गप्प. नंतर खरं कळलं तेव्हा त्यानं घरचं जेवण सोडलं. वर्षभर हॉटेलात खायचा. त्या माणसावर कुठलाच उपचार पुढे नीट झाला नाही, कारण घरातल्या कुणाच्याही हातून तो गोळी घेईना.

तुमच्या आईचं म्हणणं आहे की पंढरपूरला नेऊन माळ घालू. मी माळेची थट्टा करणारा डॉक्टर नाही. माझ्याकडचे कितीतरी पेशंट माळेनं धरून ठेवलेत. मित्रानं आग्रह केला तर ‘माळ आहे’ हे दोन शब्द पुरतात, माझ्या समुपदेशनाची तेवढी ताकद नाही. फक्त क्रम बदला. आधी दवाखान्यातले सात दिवस, मग माळ. नाहीतर माळ घातल्याचा तिसरा दिवस एसटीत किंवा मठात उजाडतो आणि तिथे फिट येते.

लिव्हरचं बोलू. ‘सूज’ हा शब्द फार ढगळ आहे. सोनोग्राफीत नुसती चरबी असेल तर दारू पूर्ण थांबल्यावर ती काही आठवड्यांत उतरायला लागते. शरीरातला एवढा समजूतदार अवयव दुसरा नाही. पुढची पायरी म्हणजे दारूची कावीळ, ती जीवघेणी असू शकते. त्याच्याही पुढे लिव्हर कडक होतं, सिरॉसिस. ते मऊ होत नाही, पण तिथेही दारू सोडलेला माणूस न सोडलेल्यापेक्षा बरीच वर्षं जास्त जगतो, म्हणून ‘आता सोडून काय उपयोग’ हे वाक्य कुठल्याच टप्प्यावर खरं नाही. दादाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे दोन आकडे असतात, त्यातलं एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास आहे का बघा. तसं असेल तर बोट दारूकडेच दाखवतं. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुणी पेढे वाटू नयेत, कडक झालेल्या लिव्हरचे आकडेही कधी कधी साळसूद येतात. घरच्यांनी डोळ्यांनी बघायच्या खुणा जास्त कामाच्या: डोळे पिवळे, पोट मोठं आणि हातपाय काड्या, पावलांवर बोट दाबलं तर खड्डा, दिवसा झोप आणि रात्री जागरण, डांबरासारखी काळी शौच. रक्ताची उलटी झाली तर १०८ ला फोन करायचा. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पाजत बसायचं नाही.

बाकीचे धोके भरभर सांगतो, कारण ते तुम्हाला कुणीही सांगेल. स्वादुपिंडाची सूज, पाठीत आरपार जाणारी कळ. पायांची आग. पुरुषी ताकद कमी होणं, जे पुरुष स्वतःहून सांगत नाहीत आणि मग बायकोवर संशय घेतात. या संशयानं आमच्या भागात दारूइतकीच घरं मोडली आहेत. कर्करोग: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं दारूला १९८८ सालीच पहिल्या गटातलं, म्हणजे नक्की कर्करोग करणारं, ठरवलंय. वर दादा तंबाखू मळत असेल तर तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही. हातभट्टी किंवा सुटी दारू पीत असेल तर मिथेनॉलची भेसळ. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं त्यानं गेली. दारू प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी कुणी ‘धुकं धुकं दिसायलंय’ म्हणालं तर तो हँगओव्हर समजू नका, तसंच उचलून मोठ्या दवाखान्यात न्या.

एका गोष्टीपाशी मात्र थांबतो. पिऊन पडलेला माणूस. ‘उतरली की उठेल’ म्हणून झोपू देतात. उताणा झोपला आणि उलटी झाली तर ती श्वासनळीत जाते, म्हणून त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून. आणि मोटारसायकलवरून किंवा बांधावरून पडलाय, डोक्याला मार आहे, आणि नेहमीपेक्षा जास्त झोपतोय किंवा एकच बाजू हलवतोय, तर ती दारू नसून मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. रोज पिणाऱ्याचं रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे साधा वाटणारा मारही दोन-चार दिवसांनी उसळतो. मी स्वतः एकदा यात चुकलोय. नवीन होतो. वास भपकन आला आणि मी ‘सकाळी बघू’ म्हणालो. सकाळी त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती. तेव्हापासून दारूचा वास आला की मी आधी डोकं चाचपतो.

आणि घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका, किल्ली तुमच्या वहिनीकडे. दादा तसं कधी बोलला नसला तरी. पिण्याच्या भरात माणूस दहा मिनिटांत काहीही करून बसतो, ती दहा मिनिटं गेली की त्याचं त्यालाच खरं वाटत नाही. तसं बोलून दाखवलं तर ते दारूवर ढकलू नका. टेली-मानस, १४४१६, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात.

आता त्याला न्यायचं कसं. रात्री बोलू नका, पिलेल्या माणसाशी झालेलं बोलणं सकाळी उरत नाही. सकाळी, हात थरथरत असतात तेव्हा बोला. त्या वेळी तो स्वतः घाबरलेला असतो, फक्त दाखवत नाही. ‘दारू सोड’ म्हणू नका. “दादा, हात किती थरथरायलेत, झोप नाही, मागच्या वेळची फिट मी पाहिलीय, चल दाखवून येऊ,” एवढंच म्हणा. दारू सोडायला नाही म्हणणारे शंभरातले कितीतरी जण थरथर दाखवायला येतात, आणि माझं काम तिथून सुरू होतं. तो दिवस उजाडेपर्यंत: रोजची मात्रा एकदम तोडू नका, वाढूही देऊ नका, दोन वेळा भाकरी-वरण पोटात जाईल असं बघा, ट्रॅक्टरची किल्ली काढून घ्या, त्यावर भांडण झालं तरी चालेल.

जबरदस्तीनं उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून जपा. रात्री जीप येते, चार जण धरून नेतात, महिनाभर घरच्यांना भेटू देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून आलेला आजारही बसतो, आणि त्या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. आखाड्यावरची कडीही मला त्यापासून फार लांबची वाटत नाही. दादा भ्रमात गेला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर नातेवाइकाच्या अर्जावर डॉक्टर त्याला भरती करून घेऊ शकतात, त्याची रीतसर सोय आहे. केंद्र निवडताना विचारायचे प्रश्न थोडेच: डॉक्टर रोज येतो का, फिट आली तर काय करता, आम्ही भेटायला कधी यायचं. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर उठा.

तुम्हाला जवळचं काय असेल ते बघा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, नांदेड आणि लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं, इथे हा उपचार फार कमी खर्चात होतो. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत असं दिसलं होतं की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला. उरलेल्या ३७ जणांचं काय होतं ते मी गावोगाव पाहतो. त्यातले बरेच आखाड्यावरच असतात.

सात दिवसांनी दादा घरी येईल तेव्हा दारू ‘सुटलेली’ नसेल, फक्त अंगातून गेलेली असेल. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात, नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकँप्रोसेट; लिव्हर कसं आहे त्यावरून ठरवतात आणि सहा महिने ते वर्षभर देतात. भाड्याचे पैसे हातात पडतात तो दिवस सगळ्यात अवघड. ते पैसे काही महिने वहिनीच्या खात्यात जाऊ द्या. मध्ये एखाद-दोनदा घसरेल. घसरला तर आठवड्याच्या आत आणा, लाजेपायी तीन महिने लपवू नका, आणि पुन्हा रोज प्यायला लागला असेल तर पुन्हा घरी तोडायला जाऊ नका.

येताना दिवाळीतले रिपोर्ट आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा, पितो त्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून आणा. ती पुडीही आणा. फेकू नका, तिच्यात काय आहे ते बघू. आणि आधीच थोडी दिली गेली असेल तर कधी, किती, ते मला एकटीनं बाजूला सांगा. सात रात्री थांबू शकेल असा एक माणूस सोबत हवा. आईला नका आणू, त्या तिसऱ्या रात्री कडी उघडतील.